ल्यूंगभाऊचा रविवार

माझी सून म्हणते, आई, अलीकडे तुमची जीभ फार सुटली आहे. कुठे जेवायला नेलं की तुम्ही मीठ जास्त झालंय म्हणून तोंडावर सांगता, आणि आम्हाला मान खाली घालावी लागते. तिचं खोटं नाही. मागच्या महिन्यात इथं रायपुरातच, पंडरी भागात, तिच्या मावशीकडे वास्तुशांतीचं जेवण होतं. वरणावर वाढलेलं तूप खवट होतं, मी तसं सांगितलं. मावशीबाईंनी तोंड फुगवलं. फुगवू दे. तूप खवटच होतं.

पानात पडेल ते गुमान खावं, अन्नाला नाव ठेवू नये, असं आईनं आम्हा भावंडांना लहानपणी डोक्यात ठोकून भरलं होतं. साठी उलटेपर्यंत मी ते पाळलं. त्या चांगल्या वळणापायी मी एका माणसाचं फार वाईट केलं. तो माणूस या हिवाळ्यात टोरांटोत वारला. त्याच्या पोरीचा, लिलीचा फोन आला होता. लिलीला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. "आत्या, पापा गए," ती एवढंच म्हणाली.

पापा म्हणजे आमचा ल्यूंगभाऊ. नाव चिनी, चेहरा चिनी, आणि तोंड उघडलं की थेट नागपूर. त्याचे वडील सुतार. कलकत्त्याच्या कॅन्टनी चिनी लोकांचा लाकूडकामात हात बसलेला, त्यामुळे रेल्वेच्या डब्यांच्या कामासाठी ते रायपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. रेल्वे कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं क्वार्टर. आजूबाजूला सगळी विदर्भातली मराठी घरं. भाऊ माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, आमच्याच अंगणात विटीदांडू खेळून वाढलेला. नवीन माणूस त्याच्याकडे टक लावून पाहायला लागला की तो शांतपणे विचारायचा, "काहून बे, का पाहून राहिला? माणूस नाही पाहिला काय कधी?" तो माणूस गडबडून जायचा. आम्ही त्याला अरे-तुरेच करायचो. भावाला कोण अहो-जाहो करतं?

विशीत तो कलकत्त्याला मामाच्या भटारखान्यात स्वयंपाक शिकायला गेला. परत आला तो मेईवहिनीला घेऊन. बूढ़ापाऱ्यात तलावाकाठी एका सायकलच्या दुकानावर, माडीवर, त्यानं सहा टेबलांचं हॉटेल टाकलं. अंधारा जिना, वर गेलं की एकच मोठी खिडकी, आणि त्या खिडकीतून तलावाचा हातभर तुकडा. सोमवार ते शनिवार तिथं नूडल, फ्राइड राइस, मंचुरियन, जे सगळीकडे मिळतं ते मिळायचं. त्याबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं. "हे लोकायसाठी," म्हणायचा. "माहा फक्त रविवार."

रविवारी सकाळी सात ते अकरा तो कॅन्टनी पद्धतीचं डिमसम करायचा. बांबूच्या वीतभर टोपल्यांत वाफवलेले लहान लहान पदार्थ, टोपलीत तीन किंवा चार, आणि बरोबर किटली भरभरून बिनदुधाचा चहा. आम्हाला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा जेवायला या म्हणाला नाही. "चहा प्यायला या," म्हणाला. त्यांच्यात तसंच म्हणतात. माणसानं चहासाठी यावं, चार घास खावे, पेपर वाचावा, घरच्या कागाळ्या सांगाव्या, पुन्हा चहा घ्यावा. घाई करणारा माणूस त्याला आवडायचा नाही. आमचे हे एकदा घड्याळ पाहत होते तर त्यानं येऊन घड्याळावर रुमालच टाकला.

पहिल्या रविवारी मी आईलाही नेलं होतं. झिंग्याचा हा-गाऊ आला, आतलं गुलाबी दिसेल इतकी पातळ पारी, कडेनं बारीक चुण्या. आईनं झिंगा बाजूला सारला, पारीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अरे, हा तर कुरडयांचा चीक." भाऊ हातातली टोपली तशीच धरून उभा राहिला. पारीला लागणारं गव्हाचं सत्त्व तो कलकत्त्याहून मागवायचा, ते कधी वेळेवर यायचं नाही. आणि इथं आमच्या कॉलनीतली प्रत्येक बाई दर उन्हाळ्यात गहू भिजवून, वाटून, चीक काढत होती. पुढच्याच आठवड्यात तो आमच्या अंगणात पाटावर बसून आईकडून शिकत होता. कुरडईचा चीक आंबलेला लागतो, त्याला आंबट वास नको होता. मग दोघांनी मिळून पाणी बदलत बदलत तो वास घालवला. रोज सकाळी भाऊ पातेल्यात नाक घालून बसायचा. "काकू, आज थोडा राहिला," म्हणायचा. आईला तो वास येत नव्हता, मलाही नाही. त्याला यायचा.

त्याच्या रविवारचे कायदे होते, ते शिकायला आम्हाला वर्ष लागलं. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, म्हणजे वाढणाऱ्याला कळतं, आणि तो न बोलता भरून देतो. आमच्या आईला उघडं भांडं पाहवायचं नाही. बोरकर गार्डानं, म्हणजे आमच्या ह्यांच्या मित्रानं, झाकण तिरकं केलं की आई लगेच नीट बसवायची. माशी पडेल म्हणायची. मग चहाच यायचा नाही, आणि आम्ही कोरड्या घशानं घरी जायचो. चार-पाच रविवारांनी भाऊनं विचारलं, "तुमच्या टेबलाले चहा आवडत नाही काय?" तेव्हा उलगडा झाला.

दुसरा कायदा दोन बोटांचा. कोणी आपल्या कपात चहा ओतला की उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर हळूच ठोकायची. हे आभार. "तोंडात घास असते, हात उष्टा असते, बोलन कसा माणूस?" भाऊ म्हणायचा. "ओतणाऱ्यानं ओतावं, घेणाऱ्यानं बोटं ठोकावी. झालं." आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं की घरी सुनेनं चहा दिला तरी माझी बोटं ठोकली जायची. मी चिडले आहे असं बिचारीला कितीतरी दिवस वाटत होतं.

आणि तिसरी गोष्ट, कायदा नव्हे, त्याचं व्रतच म्हणा. साडेदहाच्या सुमाराला खांद्यावर पंचा टाकून तो प्रत्येक टेबलाशी यायचा आणि विचारायचा, "बोला. खरं बोला." आम्ही काय बोलणार? छान झालं, मस्त झालं. तो मान हलवायचा आणि पुढे जायचा. आमच्या बोलण्याचा त्याला उपयोग नव्हता आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याच्यासाठी खरं बोलणारं माणूस आत होतं. मेईवहिनी दर रविवारी पहिली टोपली उघडायची, एक घास घ्यायची, डोळे मिटायची आणि त्यांच्या भाषेत एक-दोन शब्द बोलायची. बरेचदा ते शब्द वाईट असायचे. भाऊ पडलेल्या चेहऱ्यानं सगळ्या टोपल्या आत न्यायचा आणि सारण पुन्हा करायला घ्यायचा. खाली जिन्यावर लोक ताटकळलेले असायचे. एकदा मी म्हटलं, वहिनी, चालून गेलं असतं. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "मी नाय बोलेल तर कोण बोलेल त्याला?"

साथीच्या वर्षी दोघांनाही ताप आला. वहिनी दवाखान्यातून परत आली नाही. भाऊ आला. दोन महिने हॉटेल बंद होतं. लिली रोज फोन करायची, पापा, बंद करो, मेरे पास आ जाओ. तो म्हणायचा, "हात चालून राहिले न माहे? मग?" आणि एका रविवारी त्यानं पुन्हा टोपल्या चढवल्या.

तो तांदूळ आणायला जवळच्या अभनपूर गावातल्या एका गिरणीत जायचा. तांदळाच्या पिठाची वाफवलेली मऊ गुंडाळी तो करायचा, तिला जुना तांदूळ लागायचा. आमच्या सुखबतीबाईला, म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात टोपल्या लावणाऱ्या बाईला, ती गुंडाळी म्हणजे आपला छत्तीसगडी फराच, तांदळाच्या पिठाची वाफवलेली वळकटी, वाटायचा, आणि भाऊला त्यात आनंदच होता. जुना तांदूळ तो नाकानं ओळखायचा. मूठ भरायची, बंद मुठीत तोंडाची वाफ सोडायची, आणि हुंगायचं. "नवा दुधाचा वास मारते, जुना उन्हाचा," म्हणायचा. पुन्हा टोपल्या चढवायच्या आधी आमच्या ह्यांची गाडी घेऊन मी आणि भाऊ, दोघंच अभनपूरला गेलो होतो. त्यानं मूठ भरली, वाफ सोडली, हुंगली. मग दुसऱ्या पोत्यातली. मग पुन्हा पहिल्यातली. गिरणीवाला वाट पाहत उभा. भाऊनं मूठ नाकापासून काढलीच नाही. मला वाटलं रडतो आहे की काय. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, "कुंदे, येऊन नाही राहिलं काही."

परतीच्या वाटेवर त्यानं सगळं सांगितलं. तापापासून नाक गेलं ते गेलंच. जिभेवरही नुसतं खारट आणि गोड कुठंतरी लांबून कळतं, बाकी सगळं कागदासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आलं नाही. लिलीला हे कळलं तर ती एका दिवसात विमानात बसवून नेईल. "तिथं मी का करू? खिडकीत बसू?" मग म्हणाला, "हाताले सगळं पाठ आहे. फक्त चव पाहाले कोणी पाहिजे. मेई होती. आता तू पाय. कोणाले सांगू नको, फक्त मले सांगत जा. मीठ कमी तं कमी, वाईट तं वाईट. मी रडणार नाही, तुह्या गळ्याची शपथ. सांगशील न?"

मी म्हटलं, सांगेन. गाडीत बसून, त्याच्याकडे पाहून सांगितलं.

पहिल्या रविवारी हा-गाऊ चांगला होता. मी चांगला म्हणाले आणि ते खरं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी सारणात आलं जास्त पडलं होतं. भाऊ पंचा टाकून आला, माझ्या खुर्चीशी वाकला आणि म्हणाला, "बोल, कुंदे." वहिनी गेल्यापासून त्याचा चेहरा असा बारीक झाला होता, आणि त्या चेहऱ्यावर त्या घडीला इतकी आशा होती, की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "छान झालं रे." थोडंसं आलं, त्यात काय एवढं, असं मी मनाशी म्हटलं. तो सरळ झाला. पुढच्या टेबलाकडे जाताना शीळ घालत गेला.

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. मीठ दुप्पट झालं, मी छान म्हटलं. तिळाचं तेल जुनं होऊन खवट झालं, मी छान म्हटलं. आमचे हे घरी येऊन ताक मागायचे. बोरकर गार्ड मला म्हणाला, "वहिनी, भाऊचा हात गेला आता, पण बोलायचं कोणी?" आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली. आपण किती समजूतदार आहोत असंच आम्हाला वाटत होतं. रविवारची नवी गिऱ्हाइकं एकदा यायची, पुन्हा यायची नाहीत. सुखबतीबाईनं मला जिन्यात गाठून तिच्या छत्तीसगढीत विनवलं, "दीदी, तुमन बतावव भैया ला. मोर बात नइ मानय." तिनं त्याला सांगितलं होतं. त्यावर तो तिला म्हणाला होता, कुंदा म्हणते छान आहे, कुंदाले समजते. मी तिला हव, म्हणजे हो, म्हटलं, आणि वर जाऊन पुन्हा तेच केलं.

आता मागे वळून पाहते तेव्हा स्वतःला विचारते, काहून? भीती होती का? नाही. मला त्याचा उतरलेला चेहरा पाहवत नव्हता, एवढंच. मी माझं मन राखत होते, त्याचं नाही. तो माझ्या जिभेच्या भरवशावर दर रविवारी शंभर टोपल्या लावत होता, आणि मी माझ्या आईची चांगली पोरगी होऊन बसले होते.

लिली दिवाळीनंतर आली, न कळवता. रविवार होता. भाऊच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. तिला खिडकीपाशी आमच्या टेबलावर बसवलं, स्वतः चहा ओतला, हा-गाऊची टोपली स्वतः आणली. तिच्या आधी मी दोन खाल्ले होते. झिंगा शिळा होता. पहिल्याच घासाला कळलं. भाऊनं माझा कप भरला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी दोन बोटं ठोकली.

लिलीनं एक घास घेतला आणि कागदी रुमालात काढला. "पापा, झींगा खराब है," ती म्हणाली. मोठ्यानं नाही बोलली, पण सहाच तर टेबलं. "ये किसी को दिया तो नहीं? पापा, आपको पता नहीं चला?"

भाऊनं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता. माझी बोटं अजून टेबलावरच होती. "कुंदे?" तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्यानं प्रत्येक टेबलावरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या, एकावर एक रचल्या आणि आत नेल्या. वहिनीच्या वेळी न्यायचा तशाच. आम्ही वाट पाहिली. या वेळी तो पुन्हा बाहेर आला नाही.

हॉटेल बंद झालं. कागदपत्रं झाली की पापाला घेऊन जाते असं सांगून लिली परत गेली. मी तिकडे फिरकले नाही. बाजाराला जायचं तर बूढ़ापारा टाळून लांबच्या रस्त्यानं जायची. आमचे हे दोन-तीनदा जाऊन आले. तो बरा आहे म्हणाले, तुझं विचारतो म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही.

पुढचा पावसाळा सरल्यावर, तो जायच्या आठवड्यात गेले शेवटी. दुपारची वेळ. वर टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या त्यांच्यावर उलट्या. खिडकीपाशी फक्त एक टेबल आणि दोन खुर्च्या. भाऊ बनियनवर बसला होता. मला पाहून उठला, दुसरी खुर्ची पुसली. "ये. चहा पी," म्हणाला.

मी म्हटलं, "भाऊ, माहं चुकलं." त्यानं हात हलवला, आधी चहा. आतून पत्र्याचा डबा आणला, लाल, कडा घासून पांढऱ्या झालेला. तो मी ओळखला. मेईवहिनी लग्नात कलकत्त्याहून घेऊन आली होती तो. चांगली चहापत्ती ती त्यात ठेवायची, सणावारालाच काढायची. "तिनं भरलेली आहे," भाऊ म्हणाला. "शेवटची. तिले जाऊन इतके दिवस झाले, पण हात नव्हता लावला. पावसाळ्यापासून रोज सकाळी थोडी थोडी पिऊन राहिलो. तिच्यासंगं बसल्यासारखं वाटते. तिथं घेऊन जात नाही, इथंच संपवतो."

त्यानं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, वाट पाहिली, आणि आधी माझा कप भरला. मी दोन बोटं ठोकली. त्यानं स्वतःचा भरला आणि डोळे मिटून घोट घेतला. चेहरा शांत होता.

मी घोट घेतला. पत्तीला बुरशी आली होती. पावसाळ्यात ओल शिरली असणार त्या जुन्या डब्यात. ओल्या पोत्याचा असतो तसला वास, आणि घशात कडू.

त्यानं डोळे उघडले. "कसा आहे?" विचारलं. खरं बोल, असं या वेळी म्हणाला नाही. नुसतं विचारलं.

छान आहे, हे शब्द माझ्या ओठांशी आले होते. खरंच सांगते, आले होते. बायकोनं भरलेला डबा, चार दिवसांत तो माणूस कायमचा जाणार, कोणाचं काय बिघडलं असतं? मी कपाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहून म्हटलं, "भाऊ, पत्ती खराब झाली. बुरशी लागली. कुबट वास येऊन राहिला. पिऊ नको."

त्यानं डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, डबा नाकाशी नेला. सवयीनं नेला. मग खाली ठेवला. "पावसाळ्यापासून," असं एकदाच पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले. रडणार नाही अशी त्यानं माझ्या गळ्याची शपथ घेतली होती, ती त्यानं मोडली, आणि मी त्याला मोडू दिली. खाली सायकलवाल्याकडे कोणीतरी घंटी वाजवून पाहत होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. माझा कप माझ्यासमोरून उचलला, स्वतःचा उचलला, दोन्ही खिडकीतल्या कुंडीत ओतले. किटलीचं झाकण नीट बसवलं. मग खुर्चीवर बसला, माझ्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर ठोकली. एकदा, दोनदा, तीनदा.

चहा मी ओतला नव्हता. त्यानंच ओतला होता.